मंजूर नकाशातली काच आणि भिंतीवर बसलेली काच

साइटवरचा (धागाकर्ता)

परवा एका ऑफिस इमारतीच्या साइटवर होतो. नकाशासोबतच्या तक्त्यात पश्चिमेच्या काचेचा एसएचजीसी ०.२७ लिहिलेला, म्हणजे काचेवर पडणाऱ्या उन्हाच्या उष्णतेतली २७ टक्केच आत यायला हवी. ट्रकमधून उतरणाऱ्या काचेवरचं लेबल मात्र खरवडलेलं. चलन मागितलं तर सुपरवायझर म्हणतो, "साहेब, रंग तोच आहे." रंग तोच आहे!

संहिता नाही असं नाही. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २००७ मध्ये ईसीबीसी, म्हणजे व्यावसायिक इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन संहिता, आली आणि २०१७ मध्ये सुधारली. घरांसाठी २०१८ मध्ये इको निवास संहिता आली. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आणल्या. पण बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) मदतीने संहिता लिहिणार केंद्र, हवामान पाहून बदल करणार आणि लागू करणार राज्य, आणि नकाशा पास करणार महापालिका. तिघांत काच कोणी बघायची?

माझं मत : भोगवटा प्रमाणपत्राआधी त्रयस्थ तपासनीस जागेवर गेलाच पाहिजे. तेलंगणाने ऑनलाइन बांधकाम परवानगीला असे तपासनीस जोडले आहेत. आपल्याकडे का नको?

वीटभट्टी

कारण आपल्याकडे अजून एक टेबल वाढेल, म्हणून. मी नाशिकला छोट्या इमारती बांधतो. फायर, ड्रेनेज, झाडं, सोलर, सगळ्यांचे दाखले गोळा करता करता वर्ष जातं. त्यात तुमचा तपासनीस. त्याची फी बिल्डरनेच भरायची असेल तर तो 'नापास' कशाला लिहील? आणि फी शेवटी फ्लॅटच्या दरात जाते. ज्या घरात एक पंखा आणि एक फ्रिज, तिथे कसली ऊर्जा वाचवताय?

वरचा मजला, सोलापूर

वीटभट्टी, जरा मे महिन्यात आमच्याकडे या. पाहुणचार करू. रात्री अकरा वाजता पलंगावर उभं राहून छताला हात लावा, तव्यावरून भाकरी उतरवल्यावर तवा असतो तसं लागतं. पंखा तीच गरम हवा खाली ढकलतो. आधी चुना मारला, मग कूलर, शेवटी कर्ज काढून एसी. बिल्डरने गच्चीवर काही घातलं असतं तर?

साइटवरचा

ताई, हाच मुद्दा. इको निवास संहितेत छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप, जास्तीत जास्त १.२. उघड्या आरसीसी स्लॅबमधून याच्या दुपटीहून जास्त उष्णता येते. वॉटरप्रूफिंग करतानाच खाली इन्सुलेशनचा थर आणि वर पांढरी चायना मोझॅक घातली की काम होतं. नंतर करायचं तर सगळं उखडा. @वीटभट्टी, पंखा-फ्रिजवाल्या घरात वीज वाचणार नाही, झोप वाचेल. आणि एसी येणं पाचेक वर्षं लांबेल.

वीटभट्टी

गच्चीचं मान्य. पण ती संहिता उघडून बघितलीत का? भिंतींसाठी आरईटीव्ही (भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचं माप) १५ च्या आत ठेवा, म्हणजे प्रत्येक दिशेच्या भिंती आणि खिडक्यांचं वेगळं गणित. तालुक्याच्या गावातला ड्राफ्ट्समन हे करणार? तो एक्सेल भरून देणाऱ्याकडे जाणार, आणि एक्सेलमध्ये तुमची ०.२७ वाली काचच असणार. साधा नियम करा ना : गच्चीवर थर, पश्चिमेला छज्जा, काच कमी. आमच्या आजोबांच्या वाड्याला कुठली संहिता होती?

बे एरियातला

इथला अनुभव सांगतो. कॅलिफोर्नियात इमारतींच्या ऊर्जावापराचे टायटल २४ चे नियम १९७८ पासून आहेत आणि साधारण दर तीन वर्षांनी बदलत आले आहेत. गेल्या वर्षी एसी बदलला तेव्हा तपासनीस आला, सगळ्या व्हेंटवर टेप लावली, डक्टमध्ये पंख्याने हवा भरली आणि मीटर वाचला. गळती जास्त निघाली. कंत्राटदार निमूटपणे परत आला, माळ्यावर चढला, सांधे बुजवले. तपासनीसाला पैसे मीच दिले होते, तरी त्याने नापास केलंच. तेव्हा फी कोण देतो यापेक्षा मीटरवर आकडा दिसतो का, हे मोठं.

वीटभट्टी

दादा, तुमच्याकडे मीटर आहे. आमच्याकडे सही आहे.

साइटवरचा

म्हणूनच सहीच्या जागी मोजमाप मागतोय. काचेची पारदर्शकता मोजणारं हातात मावणारं यंत्र मिळतं, इन्सुलेशनची जाडी तर पट्टीने कळते. मात्र एक कबूल : 'साध्या नियमांचं' तुमचं म्हणणं मी आधी उडवून लावलं होतं. लहान इमारतींना गणित माफ करून ठरलेले तपशील द्यावेत, हे पटतं. मोठ्या काचेच्या डब्यांना मात्र सूट नाही. शंभर किलोवॉटच्या वरचा जोडभार घेता, मग काचेचं बिलही दाखवा.

वीटभट्टी

ठरलेले तपशील असतील तर माझी हरकत नाही. पण छज्जा एफएसआयमध्ये (परवानगीच्या बांधकाम क्षेत्रात) मोजू नका, आणि कोणी बाल्कनीत घेतला तर आधी त्याच्याकडे जा.

वरचा मजला, सोलापूर

तुमचं ठरेपर्यंत आमच्या गच्चीचं काय? सोसायटीची सभा रविवारी आहे. चायना मोझॅकखाली किती इंच थर घालायचा तेवढं सांगा, खालच्या मजल्यावरचे म्हणतात आम्हाला गरम होत नाही, आम्ही पैसे का द्यावे.