पर्याय असेल तरच गाडी घरी राहते

काही जण म्हणतात, पेट्रोल महाग झालं की लोक आपोआप गाडी कमी काढतात, म्हणून कर चढेच राहू द्यावेत. मला हे अर्धंच पटतं.

मुंबईत पेट्रोल शंभरीपार गेलं ते 29 मे 2021 ला. तेव्हा कोरोनामुळे लोकल सर्वसामान्यांना बंद होती. दोन डोस झालेल्यांना ती 15 ऑगस्टपासून खुली झाली. मी मुलुंडहून अंधेरीला स्कूटरनेच जायचो. टाकी फुल करणं सोडलं आणि दोनशेचं, तीनशेचं टाकायला लागलो. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर सिग्नलला इंजिन बंद करायची सवय लागली, रविवारची फेरी गेली. पण कामाचे किलोमीटर तेवढेच राहिले. ते कुठून कमी करणार?

शेजारच्या काकांनी त्याच वर्षी गाडीला सीएनजी किट बसवलं. डिकी गेली, वर रात्री अकराला पंपावरच्या रांगेत तासभर उभं राहणं आलं. तरी ते खूश होते, कारण महिन्याचा हिशोब जुळत होता.

आणि कराचं म्हणाल तर, 2020 मध्ये कच्चं तेल कोसळलं तेव्हा केंद्राने मे महिन्यात पेट्रोलवर लिटरमागे 10 रुपये वाढवले. स्वस्ताई आपल्यापर्यंत आलीच नाही. तो पैसा बेस्टच्या बसगाड्यांत दिसला असता तर मी तक्रार केली नसती. आमच्या स्टॉपवर आजही संध्याकाळी बसची वाट बघत माणसं ताटकळतात, आणि त्यातली बरीच शेवटी रिक्षाला हात करतात.