पुढच्या डाव्या चाकाकडून टकटक, सापडतच नाही. मदत हवी आहे

राजेहो, गाडी 2009 ची, पेट्रोल छोटी हॅचबॅक, 1 लाख 30 हजार किमी झालेली. राहतो दारव्ह्याजवळच्या खेड्यात, शेताची पांदण रोजचीच. काळ्या मातीत पावसाळ्यात पडलेल्या चाकोऱ्या वाळल्या की गाडीचं काय होते, सांगायची गरज नाही.

आवाज 15-20 च्या स्पीडला, बारीक खड्ड्यांवर येतो. मोठ्या गड्ड्यात गाडी आदळली तर चूप! डांबरी रस्त्यावर 60 ला काहीच नाही.

मेकॅनिक भाऊंनी आधी लिंक रॉड (सस्पेंशनमधले छोटे जोड-दांडे) बदलले, मग दोन्ही शॉकअप. खिसा हलका झाला, आवाज तसाच. शेवटी मीच दोन्हीकडचे लिंक रॉड काढून हळूहळू गावात चक्कर मारली. तरी टकटक, म्हणजे ते नाहीत. जॅकवर चाक वर-खाली, आडवं हलवून पाहिलं, बॉल जॉइंट (चाकाजवळचा फिरता सांधा) आणि टायरॉड (स्टिअरिंगचा दांडा) घट्ट वाटले. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा दांडा) मागच्या रबरी बुशला मात्र भेगा आहेत.

आता गंमत पाहा. ब्रेकवर हलका पाय ठेवला की आवाज बंद होतो. म्हणून कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणारा भाग) पिना झिजून ब्रेक पॅड खडखडत असतील असा संशय आहे. पण उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर वरून एक 'टण्ण' येतो, तो स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र खांब) माउंटिंगचा बेअरिंग असेल का? का दोन वेगळे आजार?

आधी काय उघडू? कापूस वेचणीला लागायच्या आत गाडी ठीक पाहिजे.