'बाकी' उणे असू शकते का? बाकी, शेष, समशेष

काल भाचीला शिकवत होतो, २ च्या १०० व्या घाताला २५ ने भागलं तर बाकी किती. एवढा मोठा आकडा कोण मांडत बसणार, म्हणून सांगितलं की २ चा दहावा घात १०२४, आणि १०२५ ला २५ ने भाग जातो, म्हणजे इथे बाकी उणे १, मग उणे १ चा दहावा घात १, उत्तर १, संपलं. तर म्हणते, मामा बाकी उणे कशी असेल, बाकी म्हणजे उरलेलं ना, डब्यात उणे एक लाडू उरतो का? मी गप्प. पुस्तकात बाकी शून्य किंवा जास्त आणि भाजकापेक्षा लहान, हे खरंच आहे. मग मी जे उणे १ लिहिलं त्याला म्हणायचं काय? शेष म्हणू का?

———

शेष म्हणून काय फरक पडणार? बाकी अरबीतून आला, शेष संस्कृतातला, अर्थ तोच, उरलेलं. गंमत म्हणजे शाळेत बाकी शिकवतात पण बाकी शून्य आली की 'निःशेष भाग जातो' म्हणतात, दोन्ही शब्द एकाच वहीत गुण्यागोविंदाने. आर्यभटाने तर ४९९ मध्ये कुट्टकाच्या, म्हणजे बाक्यांवरून मूळ संख्या शोधायच्या रीतीच्या, श्लोकात बाकीला 'अग्र' म्हटलंय, मोठी बाकी ती अधिकाग्र, लहान ती ऊनाग्र. आणि वजाबाकीत काय आहे, वजा करून जी राहते ती बाकीच की.

———

डब्यातली बाकी आणि वहीतली बाकी यात गल्लत होतेय असं मला वाटतं. आमचं दुकान होतं, उधारीच्या वहीत बाकी दोन तऱ्हेची, येणं बाकी आणि देणं बाकी. १०२४ पत्रावळी २५ च्या गठ्ठ्याने द्यायच्या तर ४० गठ्ठे आणि २४ सुट्या, किंवा सरळ ४१ गठ्ठे लिहा आणि एक पत्रावळ देणं बाकी. माल तेवढाच ना? तेच तुमचं उणे १. भाचीला म्हणावं बाकी उणे नसते हे डब्याचं खरं, वहीचं नाही. आणि सोसायटीचा बेबाकी दाखला आणायला गेलात की कळतं, बेबाकी म्हणजेच निःशेष :)

———

वही पटली. पण मग २४ आणि उणे १ यांचं जे नातं आहे त्याला शब्द हवा, बाकी हा शब्द एका आकड्याचा आहे, नात्याचा नाही. जर्मन गणिती गाऊसने १८०१ मध्ये त्यासाठी तीन आडव्या रेघांचं चिन्ह आणलं. कुणी एकरूप म्हणतात पण ते ऐकलं की डोक्यात त्रिकोणच येतात, 'समशेष' बरा, ऐकताच कळतो. बोलताना अर्थात सगळे 'मॉड २५ ला उणे १' (मॉड २५ म्हणजे भाजक २५ धरून) असंच म्हणतात, मीही म्हणतो.

———

घात आणि घातांक यातही लोक घसरतात ते इथेच सांगतो. आज मंगळवार, तर १० च्या १०० व्या घाताइतक्या दिवसांनी कोणता वार? १० ला ७ ने भागून बाकी ३, इथवर बरोबर. मग पोरं १०० ला पण ७ नेच भागतात, बाकी २, ३ चा वर्ग ९, म्हणजे २, गुरुवार. चूक! ३ चे घात ७ ने भागत गेलं की बाक्या ३, २, ६, ४, ५, १ अशा येतात आणि पुन्हा ३, म्हणजे चक्र सहाचं, सातचं नाही. घातांक १०० ला ६ ने भागायचं, बाकी ४, चौथी बाकी ४, मंगळवारपासून चार दिवस, शनिवार. संख्येची वही सातची, घातांकाची सहाची. हे चक्र एकदा स्वतः लिहून काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही, मला तरी नव्हतं बसलं.

———

धन्यवाद मंडळी. पत्रावळीचा गठ्ठा तिने पाहिलेलाच नाही, शेवटी ३० अंड्यांचा ट्रे आणि त्यातली एक रिकामी खळगी दाखवली तेव्हा हूं म्हणाली. मधे कितीही देणं बाकी ठेव, फक्त पेपरात शेवटचं उत्तर उणे आलं तर त्यात भाजक मिळवून लिही, उणे १ आलं तर २४, एवढं सांगून ठेवलंय.