मदत हवी आहे: हवेतल्या चेंडूवरचं निव्वळ बल, बाण दोन की तीन?

भाचा अकरावी सायन्सला. एका गणितावरून आमचं दोघांचं अडलंय, जाणकारांनी जरा बघा.

१६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू, उंच फटका. वर जाताना एका क्षणी वेग ३० मीटर प्रति सेकंद, दिशा जमिनीशी ५३ अंशांवर (कोसाइन ०.६, साइन ०.८ धरता येतात म्हणून ५३). वारा नाही. निव्वळ बल किती?

वजन ०.१६ × ९.८ = १.५७ न्यूटन. हवेचा रोध = अर्धा × घनता × समोरचं क्षेत्रफळ × ड्रॅग गुणांक × वेगाचा वर्ग. घनता १.२, त्रिज्या ३.६ सेंमी म्हणून क्षेत्रफळ ०.००४१ चौ. मी., गुणांक ०.५ धरला. रोध आला १.१ न्यूटन.

इथवर एकमत. पण पठ्ठ्या आकृतीत वेगाच्या दिशेने तिसरा बाण काढतो, ‘बॅटचा जोर’. तो नसेल तर चेंडू वर जातोच कसा, म्हणे! त्याला कसं पटवू? आणि १.५७ व १.१ ची सरळ बेरीज चालेल का? सर्वात वरच्या बिंदूवर फक्त वजनच उरतं ना?

प्रतिसाद १
तिसरा बाण खोडा. त्याला एवढंच विचारा: हे बल आत्ता लावतंय कोण? वजनामागे पृथ्वी आहे, रोधामागे हवा. बॅट तर केव्हाच मागे राहिली. तिने वेग दिला आणि तिचं काम संपलं. वेग टिकायला बल लागत नाही, बदलायला लागतं.

सरळ बेरीज नको, दोन्ही बलं एका रेषेत नाहीत. रोध वेगाच्या बरोबर उलट, म्हणजे मागे आणि खाली. त्याचे घटक पाडा: आडवा ०.६६ मागे, उभा ०.८८ खाली. खालच्या दिशेने एकूण १.५७ + ०.८८ = २.४५. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, २.५४ न्यूटन. त्वरण जवळपास १६, गुरुत्वत्वरणाच्या दीडपटीहून जास्त! निव्वळ बलाचा बाण खाली आणि थोडा मागे झुकलेला येईल.

वरच्या बिंदूवर उभा वेग शून्य, आडवा नाही. त्यामुळे तिथेही रोध आहे, पूर्ण आडवा. चेंडू सरळ डोक्यावर उडवला असता तरच फक्त वजन उरलं असतं.

प्रतिसाद २
उतरताना रोधाचा उभा घटक वर वळतो, तिथे वजा करायचा. पोरं नेमकी इथेच चिन्ह चुकवतात. तुमच्याच आकड्यांनी चेंडू सरळ खाली पडत राहिला तर साधारण ३६ मीटर प्रति सेकंदाला रोध वजनाइतका होतो. मग निव्वळ बल शून्य, तरी चेंडू ताशी १३० किमीच्या आसपास पडतोच आहे. भाच्याला हे दाखवा.

धागाकर्ता
दाखवलं. बाण खोडला स्वारीने. आता विचारतोय, चेंडू फिरत असेल तर?

प्रतिसाद १
मग मात्र तिसरा बाण येतो, पण वेगाला काटकोनात. तोही हवेचाच, बॅटचा नाही.