एएनआरएफ आलं, तरी विद्यापीठाचा प्रकल्प मार्चमध्येच का अडतो?

पिपेट (धागाकर्ता)
२०२३ च्या कायद्याने संशोधनाला निधी देणारं केंद्राचं जुनं मंडळ, एसईआरबी, मोडीत काढून अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ, उभं केलं. पाच वर्षांत ५०,००० कोटी अशी घोषणा झाली आणि तेव्हापासून सगळी चर्चा रकमेभोवतीच फिरते आहे. माझं म्हणणं असं की मंजूर झालेला पैसाही विद्यापीठाला वेळेत खर्च करता येत नाही. टाकी लहान आहेच, पण आधी नळ बघा.

४० लाखांचं एक उपकरण घ्या. मंजुरीपत्र ऑगस्टात आलं. स्पेसिफिकेशन समिती, मग ही वस्तू जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर नाही असा जेमचा अहवाल, मग निविदा. निविदेला साधारण किमान २१ दिवस, परदेशी बोली हव्या असतील तर चार आठवडे. तांत्रिक लिफाफा, आर्थिक लिफाफा, आणि एकच बोली आली की फेरनिविदा काढायची का यावर काथ्याकूट. ऑर्डर निघते डिसेंबरात. अशी यंत्रं ऑर्डर पडल्यावर बनवायला घेतात, म्हणजे आणखी तीन-चार महिने. ३१ मार्चला यंत्र बंदरात आणि शून्य शिल्लक खात्यातली (यात पैसा जमा नसतो, फक्त खर्चाची मर्यादा मिळते) न वापरलेली खर्चमर्यादा रद्द. नव्या वर्षी ती परत मिळवायची तर आधी उपयोगिता प्रमाणपत्र आणि खर्चाचं विवरण. तोवर पुरवठादार बिलासाठी तगादा लावतो आणि त्याच खात्यातून निघणारी जेआरएफची (कनिष्ठ संशोधकाची) फेलोशिपही लटकते.

लेखाशीर्ष
कॅलेंडर खरं आहे, पण त्यातले दोन महिने तुम्ही गाळलेत. मंजुरी ऑगस्टची आणि इंडेंट, म्हणजे खरेदीची मागणी, ऑक्टोबरच्या अखेरीस, हे सर्रास चालतं. स्पेसिफिकेशन एकाच कंपनीच्या ब्रोशरवरून उतरवलेलं असतं. प्री-बिड बैठकीत दुसरी कंपनी हरकत घेते, शुद्धिपत्रक काढावं लागतं, मुदत वाढते. यंत्र खरोखर एकाच उत्पादकाकडे मिळत असेल तर जीएफआरच्या (केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांच्या) नियम १६६ खाली पीएसी, म्हणजे ‘हे दुसरीकडे मिळत नाही’ असं प्रमाणपत्र, द्या, एकल निविदेचा मार्ग मोकळा आहे. पण त्यासाठी कोणता घटक दुसऱ्याकडे नाही आणि तो का लागतो हे लिहावं लागतं. ‘सर्वोत्तम दर्जा’ एवढ्यावर कोणता वित्त अधिकारी सही करेल?

आणि शून्य शिल्लक खातं कोणाच्या डोक्यातली खोड म्हणून आलेलं नाही. संस्थोसंस्थी बचत खात्यांत केंद्राचा पैसा पडून राहायचा आणि तिकडे केंद्र व्याजाने कर्ज काढायचं.

शिवाय जून २०२५ मध्ये अर्थ मंत्रालयाने संशोधनाच्या खरेदीसाठी सवलती दिल्या. कोटेशनशिवाय खरेदी १ लाखावरून २ लाख, खरेदी समितीमार्फत १० वरून २५ लाख. जेमबाहेर खरेदी करायची का, हे कुलगुरू किंवा संचालक ठरवू शकतात. २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदेची परवानगीही त्यांच्याच हाती आली. आता ओरड कसली?

पिपेट
ओरड अशी की सवलत कागदावर आहे आणि राज्य विद्यापीठाच्या खरेदी समितीपुढे दोन नियमपुस्तकं आहेत. प्रकल्प केंद्राचा म्हणून जीएफआर, विद्यापीठ राज्याचं म्हणून राज्याचं खरेदी धोरण आणि लेखासंहिता. ऑडिट दोन्ही बाजूंनी होतं, मग समिती दोन्हींतला जो कडक नियम तो धरते. आयआयटीच्या संचालकाला ही अडचण नाही. मंजुरीपत्रातच ‘या प्रकल्पाच्या खरेदीला फक्त जीएफआर लागू’ एवढं एक वाक्य एएनआरएफने घातलं तर निम्मा घोळ मिटेल.

नियम १६६ बद्दल मान्य. ते प्राध्यापकांनी शिकायलाच हवं.

कोयनाकाठ
तुमचं भांडण प्रकल्प मिळालेल्यांचं आहे. बाकीच्यांचं काय? अर्ज करायला नियमित नेमणूक लागते. पीएचडीचा मार्गदर्शक व्हायलाही तेच. २०२२ च्या यूजीसी नियमांत प्राध्यापकाला ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ विद्यार्थी. आता महाराष्ट्रातल्या विभागांत तासिका तत्त्वावर (सीएचबी) कोण किती शिकवतंय ते पाहा. सीएचबीवाला अर्जही करू शकत नाही आणि विद्यार्थीही घेऊ शकत नाही. एक प्राध्यापक निवृत्त झाला आणि पद भरलं नाही, तर आठ संशोधकांची जागा जाते. शिवाय त्याच्या नावावरची यंत्रं कुलूपबंद होतात, कारण डेडस्टॉक रजिस्टरवर (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) ती दुसऱ्याच्या नावे करायला कोणी तयार नसतं.

पदभरती राज्याच्या हातात, प्रकल्प केंद्राच्या. एएनआरएफने उद्या रक्कम दुप्पट केली तरी ती अर्ज करू शकणाऱ्या त्याच मोजक्या विभागांकडे जाईल.

तिरकस
रक्कम दुप्पट? मुळात ५०,००० कोटींपैकी सरकारचे १४,०००. उरलेले ३६,००० उद्योग, सार्वजनिक कंपन्या आणि दानशूरांकडून यायचेत. ते येतील कशाला? विद्यापीठाला संशोधनासाठी देणगी दिली तर आयकर कायद्याच्या कलम ३५ खाली पूर्वी १७५ टक्के वजावट मिळायची. एप्रिल २०१७ पासून १५०, एप्रिल २०२० पासून सरळ १००. आधी प्रोत्साहन काढून घ्यायचं आणि मग देणगीची वाट पाहायची! १ लाख कोटींची आरडीआय (संशोधन, विकास आणि नवोन्मेष) योजना दाखवू नका. ती मुख्यतः खाजगी क्षेत्रासाठी आहे, अल्प किंवा शून्य व्याजाच्या कर्जाची. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतली रसायनं त्यातून येत नाहीत.

उत्तरपत्रिका
निराशावाद पुरे. २०२४ मध्ये संशोधनावरचा जीएसटी माफ झाला, ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ने जानेवारी २०२५ पासून सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली. ज्या जिल्ह्याच्या महाविद्यालयात एक चांगलं जर्नल येत नव्हतं तिथे हे मोठं काम आहे.

लेखाशीर्ष
जर्नल्सचं खरं. जीएसटीचं चुकीचं, आणि हा गैरसमज फार पसरलाय. सप्टेंबर २०२४ च्या परिषदेने सूट दिली ती अनुदान घेऊन केलेल्या संशोधन सेवेवर. त्याआधी काही संस्थांना अनुदानावर कराच्या नोटिसा गेल्या होत्या. उपकरणावरचा कर तसाच आहे. संशोधन संस्थांसाठी तो ५ टक्के होता, १८ जुलै २०२२ पासून सवलत गेली आणि बहुतेक उपकरणांवर १८ झाला. पिपेट यांचं ४० लाखांचं यंत्र घ्या: कर २ लाखांऐवजी ७ लाख २० हजार. फरक ५ लाख २० हजार. एका जेआरएफची वर्षाची फेलोशिप ३७,००० च्या दराने, घरभाडं सोडून, ४ लाख ४४ हजार होते. म्हणून अंदाजपत्रकात किंमत कायम करासह लिहा. मंजुरीनंतर वाढीव कर कोणी देत नाही.

पिपेट
इथे एकमत. आता देखभाल. एनएमआरच्या (रेणूंची रचना तपासणाऱ्या यंत्राच्या) चुंबकाला द्रव नायट्रोजन साधारण दर आठवड्याला आणि द्रव हेलियम काही महिन्यांनी भरावंच लागतं, कोणी नमुना तपासो वा न तपासो. पातळी उतरली की चुंबक क्वेंच होतो (एकदम तापून बंद पडतो), उरलेलं हेलियम वायू होऊन निघून जातं आणि पुन्हा थंड करून चालू करायचा खर्च लाखांत. प्रकल्प तीन वर्षांत संपतो, चुंबक पंधरा-वीस वर्षं जगतो. मधल्या वर्षांचा पैसा कोणत्या शीर्षातून?

लेखाशीर्ष
पाच वर्षांच्या सर्वंकष देखभालीचा दर आर्थिक बोलीतच मागा आणि एल-१ (सर्वांत कमी बोली) ठरवताना तो धरा. नाहीतर यंत्र स्वस्त देऊन कंपनी एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) वसूल करते. आगाऊ रक्कम एका वेळी सहा महिन्यांच्या देय रकमेपेक्षा जास्त देता येत नाही, नियम १७२. पुढचा खर्च वापरशुल्कातून. यंत्र आय-स्टेम या उपकरणं इतरांना वापरायला देण्याच्या पोर्टलवर नोंदवा, बाहेरचे नमुने घ्या.

पिपेट
वापरशुल्क विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीत जमा होतं. हेलियमचं बिल आलं की विभागाने त्यासाठी पुन्हा प्रस्ताव करायचा, आणि तो वित्त व लेखा समितीपुढे जाईपर्यंत पातळी खाली. विभागाच्या नावे फिरता निधी उघडायला किती विद्यापीठं तयार आहेत?

लेखाशीर्ष
फार थोडी. ठराव व्यवस्थापन परिषदेत करावा लागतो, आणि तो मांडायचं काम विभागप्रमुखाचं. वित्त विभाग स्वतःहून मांडणार नाही.