किडनीत गाठ, फुप्फुसांतही डाग, पेशंट सिकलसेल वाहक: गोळ्या लगेच सुरू कराव्यात का?

प्रश्न (किनवट, जि. नांदेड)
पेशंट २४ वर्षांचा. लघवीतून रक्त. सीटीत उजव्या किडनीच्या मध्यभागी ६ सेंमीची गाठ, पोटातल्या लसिका ग्रंथी वाढलेल्या, फुप्फुसांत बारीक गाठी. सुईच्या बायोप्सीत 'मेड्युलरी किंवा कलेक्टिंग डक्ट कार्सिनोमा' एवढंच लिहिलंय, म्हणजे किडनीच्या कॅन्सरच्या या दोन विरळ प्रकारांपैकी नेमका कोणता ते ठरलेलं नाही. किडनी आधी काढावी की गोळ्या?

उत्तर १
दादा, आधी कॅन्सरचं नाव पक्कं करा. ब्लॉकवर (बायोप्सीचा तुकडा बसवलेल्या मेणाच्या ठोकळ्यावर) आयएनआय-१ या प्रथिनाची तपासणी सांगा. मेड्युलरीत हे प्रथिन कॅन्सरपेशींच्या केंद्रकातून नाहीसं होतं. त्याच स्लाइडवरच्या लिम्फोसाइटना (निरोगी पांढऱ्या रक्तपेशींना) मात्र रंग चढलेला हवा. नसेल तर तपासणीच फसली, पुन्हा करावी लागेल. सुईच्या बायोप्सीत तुकडा इवलासा असतो आणि दर वेळी ब्लॉक तासताना थोडा वाया जातो. म्हणून लागणारे सगळे काप एकाच बैठकीत काढून घ्या. ब्लॉक मेणाचा असतो, या उन्हात बंद गाडीत ठेवू नका.

मेड्युलरी बहुतेक वेळा सिकलसेल वाहकांतच दिसतो, म्हणून विचारतो: वाहक असल्याचं कशावरून ठरलं? सोल्युबिलिटी या झटपट रक्तचाचणीत वाहक आणि सिकलसेलचे आजारी दोघेही पॉझिटिव्हच येतात. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी रक्ततपासणी) करा, तीही रक्त चढवण्याआधी.

उत्तर २
सुनिटिनिब, पाझोपानिब या गोळ्या मुख्यतः क्लिअर सेल या किडनीच्या नेहमीच्या कॅन्सरच्या. मेड्युलरीत नुसत्या त्यांवर भिस्त ठेवली तर मोलाचे आठवडे जातात, आणि हा कॅन्सर फार झपाट्याने वाढतो. इथे सुरुवात प्लॅटिनमवाल्या केमोने होते, बहुधा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. पसरलेला असताना आधी किडनी काढली की जखम भरेपर्यंत केमो अडते. गाठी आटल्या तर शस्त्रक्रियेचा विचार नंतर होतो.

कलेक्टिंग डक्ट निघाला तर जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी रक्त किती गाळते त्याचं माप) मिनिटाला ६० मिलीच्या खाली असेल तर सिस्प्लॅटिनऐवजी सहसा कार्बोप्लॅटिन देतात.

उत्तर ३
पाठ किंवा मांडी दुखत असेल तर नुसत्या बोन स्कॅनवर विसंबू नका. हा स्कॅन मुख्यतः नवं बनणारं हाड दाखवतो; किडनीचा कॅन्सर हाड पोखरतो, नवं हाड फारसं बनत नाही, त्यामुळे स्कॅनमध्ये तो निसटू शकतो. दुखऱ्या जागेचा एमआरआय करा. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाताना ब्लॉक, स्लाइड आणि सीटीची सीडी न्या, फक्त छापील रिपोर्ट नको.

भावंडांचीही एचपीएलसी करा. वाहक निघाले तर घाबरू नका, हा कॅन्सर वाहकांतही अत्यंत विरळा. पण त्यांच्या लघवीतून रक्त आलं तर 'सिकलमुळे असेल' म्हणून सोडू नका, त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा.