बँकॉकला राहून थाई शिकायची: विद्यापीठ, खासगी क्लास की चियांग माई?

तापीकाठ (भुसावळ)

दिवाळीनंतर बँकॉकला बिऱ्हाड हलतंय. मिस्टरांचं काम सिलोमच्या रत्नबाजारात. वर्क परमिट त्यांचं, माझा डिपेंडंट व्हिसा, मुक्काम निदान तीन वर्षांचा. मुलगी शाळेत गेली की रोज तीन-चार तास मोकळे असतील. थाईचं एक अक्षर येत नाही. विद्यापीठाचा कोर्स घ्यावा की खासगी शाळा? सुरुवातीचे तीन महिने उत्तर थायलंडमधल्या चियांग माईला खोली घेतली तर स्वस्तात पडेल, असंही कुणीतरी सुचवलंय. आणि आधी लिपी शिकावी की रोमन अक्षरांवरून बोलायला लागावं? घरात सगळे शाकाहारी आहोत, तेव्हा भाषेची गरज पहिल्या दिवसापासूनच लागणार.

सातपुडा_पायथा (धुळे)

ताई, व्हिसा आधीच हातात असणं हेच तुमचं भांडवल. अनेक जण शाळा निवडतात ती एज्युकेशन व्हिसाच्या कागदांसाठी. तो दर ९० दिवसांनी वाढवावा लागतो, आणि इमिग्रेशनचा अधिकारी कधी थाईतच प्रश्न विचारून बघतो. तुम्हाला त्यातलं काही नको, तेव्हा 'व्हिसासकट पॅकेज' विकणारी शाळा यादीतून काढून टाका. ९० दिवसांनी पत्ता कळवायचं काम मात्र तुम्हालाही आहेच. आणि आखाजीला माहेरी यायचं असेल तर निघण्याआधी री-एंट्री परमिट काढा: एका वेळचं १,००० बाट, अनेक वेळांचं ३,८००. ते न काढता विमानात बसलात तर राहण्याची परवानगी तिथंच संपते.

चुलालाँगकॉर्न विद्यापीठाच्या इंटेन्सिव्ह थाईची एक पातळी १०० तासांची: पाच आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज चार तास. मेट्रोचं साम यान स्टेशन सिलोमच्या लगत आहे, त्यामुळे जाण्यायेण्याची अडचण नाही. अडचण वेगाची आहे. मुलगी आजारी पडून तीन दिवस बुडाले तर बारा तास गेले, आणि वर्ग तुमच्यासाठी थांबणार नाही. तुमचं वेळापत्रक बघता पहिले तीन-चार महिने रोज दोन-तीन तासांची खासगी शाळा बरी. विद्यापीठ नंतर, प्लेसमेंट टेस्ट देऊन.

खासगी शाळा पारखायची तर पहिल्या महिन्याचा नव्हे, तिसऱ्या महिन्याचा वर्ग बघायला मागा. तिथं फळ्यावर अजून रोमन अक्षरं दिसली तर उठून या. थाईत सूर (आवाजाची चढउतार) बदलला की शब्दच बदलतो; चुकीचा सूर शिक्षक लगेच दुरुस्त करतात की हसून पुढे जातात, तेही बघा. माझ्या मते आठांपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या वर्गात तोंड उघडायची पाळीच येत नाही.

चियांग माई नकोच. तिथं वर्गात शिकवतात ती मध्य थाई, पण गल्लीत चालते ती खाम मुअंग, तिथली बोली. 'बोलणे' वर्गात 'फूत', बाहेर 'ऊ'. 'नाही'ला वर्गात 'माइ', बाहेर 'बो'. मराठी शिकायला आलेल्याला साक्रीत नेऊन सोडावं आणि समोरच्यानं 'कसं काय शे भाऊ' म्हणावं, तसला प्रकार.

केळीचा_घड (रावेर)

लिपीबद्दल मी लिहितो, कारण इथं मराठी माणसाला फुकटात मिळणारा फायदा बरेच जण वाया घालवतात.

थाई व्यंजनं ४४, त्यातली दोन आता वापरात नाहीत. इंग्रजी पुस्तकं त्यांचे मध्यम, उच्च, निम्न असे तीन गट पाठ करायला लावतात, कारण शब्दाचा सूर या गटावरून ठरतो. आपल्याला पाठांतर कशाला? क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग हाच क्रम तिथं आहे. वर्गातलं पहिलं अक्षर मध्यम, दुसरं उच्च, तिसरं-चौथं-पाचवं निम्न. श, ष, स, ह उच्च. य, र, ल, व निम्न. ळसुद्धा आहे, तोही निम्न, फक्त उच्चार ल: खेळाला 'कीला' म्हणतात, लिहिताना ळ. अपवाद थाईंनी स्वतः भर घातलेल्या मोजक्या अक्षरांचे (ड, ब, दोन प्रकारचे इंग्रजी एफ वगैरे). ते वेगळे लिहून ठेवा.

गोंधळ होतो तो पुढे. तिसरं आणि चौथं अक्षर आता दुसऱ्यासारखं उच्चारतात: ग-घ चा ख, द-ध चा थ, ब-भ चा फ. म्हणून 'नगर' झालं 'नखोन'. शब्दाच्या शेवटी र-ल चा न होतो, आणि स्वर लिहिलेला नसेल तर मध्ये 'ओ' येतो. आता 'फल' आणि 'बल' घ्या. थाईत दोन्ही 'फोन'. पण फल उच्च गटातल्या अक्षरानं सुरू होतं, म्हणून त्याचा सूर खालून वर चढतो. बल निम्न गटातलं, म्हणून सपाट. रोमनमध्ये दोन्ही 'पी-एच-ओ-एन'. रोमन का नको, याला हे एक उदाहरण पुरे.

दुसरी खोड आपल्या बोलण्यातली. प्रश्न विचारताना आपण शेवट वर नेतो. थाईत 'मा' सपाट म्हटलं तर 'येणे'. तेच प्रश्नार्थी वर चढवलं की 'कुत्रा'. प्रश्नासाठी शेवटी 'माइ' हा वेगळा शब्द जोडतात ('नाही'चा 'माइ' वेगळा, त्याचा सूर वेगळा), आवाजानं प्रश्न करायची सवय मोडावी लागते. 'क्लाइ' सपाट म्हणजे लांब, वरून खाली उतरवलं तर जवळ. टॅक्सीत हे महागात पडतं. अशा जोड्या शिक्षकांच्या आवाजात मोबाईलवर घ्या, लगेच स्वतःच्या आवाजात घ्या, दोन्ही पाठोपाठ ऐका. रोज पंधरा मिनिटं.

ॲ, ऑ हे स्वर आपल्याकडे आहेतच. नवा एकच कठीण: ओठ 'ई'सारखे ताणून 'ऊ' म्हणायचा. 'एक' या आकड्यातच तो येतो, त्यामुळे पहिल्या दिवशीच गाठ पडेल.

(थाईत 'क्लुआय' म्हणजे केळ, आणि 'क्लुआय क्लुआय' म्हणजे अगदी सोपं. रावेरला पटणार नाही.)

तापीकाठ (भुसावळ)

वर्गांचं गणित तर एकदम डोक्यात बसलं. खाण्याचे शब्द सांगाल का? आणि मिस्टरांकडून थोडं शिकत गेले तर चालेल?

सातपुडा_पायथा (धुळे)

मिस्टरांकडून शब्द घ्या, वाक्याचा शेवट घेऊ नका. पुरुष 'ख्राप' लावतात, बाई 'खा': विधानात वरून खाली उतरणारा, प्रश्नात उंच. म्हणून सुरुवातीला बाई शिक्षिका असली तर बरं.

खाण्यात 'मांगसाविरत' हा आपलाच मांसविरती, त्यात दूध-अंडं चालतं. 'जे' म्हणजे दूध-अंडंही नाही आणि कांदा-लसूणही नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं दिसली की ते दुकान जे. बाकी ठिकाणी भाजीत माशाचा सॉस, नाम प्ला, घालतातच. नुसतं 'मांस नको' म्हणून तो टळत नाही. 'माइ साइ नाम प्ला', नाम प्ला घालू नका. यातलं 'माइ' (आपली माय नव्हे) वरून झटकन खाली, 'साइ' खालच्या पट्टीत. अंड्यासाठी 'माइ साइ खाइ', तिथं 'खाइ'ही खालचाच. ही दोन वाक्यं थाई लिपीत कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. पहिले दोन महिने सुरापेक्षा कागद जास्त कामाला येईल.